एका पैशाचे कार्ड आणि केडगावची टपालवाट

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंड जंक्शनच्या अलीकडे आणि भीमेच्या दक्षिणेला, केडगाव हे स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुणे ते डिकसळ हा टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला तेव्हा हे गाव भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि नदीपलीकडच्या शिरूरला लष्करी छावणीमुळे व घोडनदीच्या बाजारपेठेमुळे केडगावपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व होते. पुढच्या चाळीस वर्षांत मात्र इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांतून निघालेल्या पाकिटांवर केडगावचे नाव लिहिले जाऊ लागले. या बदलाचे श्रेय पंडिता रमाबाईंनी विधवा व निराधार स्त्रियांसाठी केलेल्या कार्याला जाते हे सर्वज्ञात आहे. परंतु ते कार्य ज्या पत्रव्यवहारावर उभे राहिले तो परवडण्याजोगा कसा झाला, आणि पुढे तो महाग का होत गेला, याचा विचार त्यामानाने कमी झाला आहे. हा विचार टपालहंशिलाच्या इतिहासाचा आहे. हंशील म्हणजे सरकारने एखाद्या सेवेबद्दल किंवा मालाबद्दल घ्यावयाची आकारणी, आणि टपालहंशील म्हणजे पत्र किंवा पुडके पोहोचवण्याबद्दल टपाल खात्याला द्यावयाचा पैसा; एके काळी मराठी मासिके आणि पुस्तके यांच्या जाहिरातींत किमतीच्या आकड्याशेजारी हा शब्द हमखास आढळत असे.

पेशवाईत पत्रे नेण्याचे काम जासूद आणि कासीद करीत. हे पायी धावणारे निरोपे असत, महत्त्वाच्या कागदासाठी त्यांची जोडी पाठवली जाई, आणि त्यांना ठरावीक खेपेबद्दल मिळणाऱ्या मेहनतान्याला अजुरा म्हणत. ही व्यवस्था राज्यकर्त्यांची, सरदारांची आणि सावकारांची होती. सामान्य कुणब्याला आपली खुशाली कळवायची तर वारीला, जत्रेला किंवा बाजाराला निघालेल्या माणसाच्या तोंडी निरोप देणे हाच मार्ग असे. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपाल नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि टपाल सर्वांना खुले केले, परंतु त्याचा दर वजन व अंतर या दोहोंवर बसवला. कलकत्त्याहून मुंबईला जाणाऱ्या एक तोळा वजनाच्या पत्राला १ रुपया पडे, तर कलकत्त्याहून आग्र्याला १२ आणे. एक रुपया ही त्या काळी शेतमजुराची कित्येक दिवसांची कमाई होती, त्यामुळे टपाल कायद्याने सर्वांचे झाले तरी वापरात ते सरकारी कचेऱ्या, व्यापारी पेढ्या आणि युरोपीय कुटुंबे यांच्यापुरतेच राहिले. शिवाय तिकिटे नव्हती. हंशील रोख भरावे लागे, आणि अंतराचे कोष्टक पाहून आकारणी करणाऱ्या कारकुनाच्या सचोटीवर सगळे अवलंबून असे.

अंतरावर दर बसवण्यातली चूक इंग्लंडात रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये दाखवून दिली. लंडनहून एडिंबरोला एक पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग इतकाच येतो, आणि खरा खर्च पत्र गोळा करणे, त्याची आकारणी करणे, हिशेब ठेवणे व पैसे वसूल करणे यांत होतो, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले. म्हणून दर एकच असावा, तो कमी असावा, आणि तो पाठवणाऱ्याने आधीच तिकीट लावून भरावा, अशी त्यांची योजना होती. तिच्यानुसार १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीचा सार्वत्रिक दर लागू झाला. हिंदुस्थानात सिंधचे आयुक्त बार्टल फ्रियर यांनी १ जुलै १८५२ रोजी आपल्या प्रांतापुरते अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. त्याआधीच, १८५० मध्ये, मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांतून अनुक्रमे कोर्टनी, फोर्ब्स आणि बीडन यांचे एक आयोगमंडळ नेमले गेले होते. त्यांच्या शिफारशींवर लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत नवा टपाल कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशाला एकच दर लागू झाला: पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, एका तोळ्यापर्यंत दोन आणे.

या दरपत्रकात अंतराचा उल्लेख कोठेही नव्हता, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट होय. भीमथडीतल्या एखाद्या गावाहून पुण्याला जाणारे पत्र आणि तेथूनच पेशावरला जाणारे पत्र यांना सारखाच पैसा पडू लागला, म्हणजे दूरच्या पत्राचा जादा खर्च जवळच्या पत्रांनी उचलला, आणि आडगावात राहण्याची वेगळी किंमत मोजण्याचे कारण उरले नाही. पाव तोळा म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम वजन भरत असल्यामुळे अर्ध्या आण्यात बसणारे पत्र एका पातळ कागदावर, शक्य तर त्याच कागदाची घडी घालून लिहावे लागे. १८६९ मध्ये ही मर्यादा अर्ध्या तोळ्यापर्यंत वाढली. तिकीट न लावता टाकलेले पत्र घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे घेऊन दिले जाई, आणि त्यासाठीच्या ‘बेअरिंग’ या इंग्रजी शब्दापासून मराठीत बैरंग हा शब्द रुळला. रेल्वेने या व्यवस्थेला वेग दिला. मुंबई आणि पुणे यांच्यामधला बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पुरा झाला, १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला, आणि केडगावपासून जवळच असलेले दौंड उत्तर व दक्षिण या दोन्ही दिशांच्या टपालाच्या वाटेवर आले.

१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. (रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया असा त्या वेळचा हिशेब होता, पुढील मजकुरातले आकडे समजण्यासाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.) मराठी पत्रलेखनाच्या इतिहासात या कार्डाचे स्थान फार मोठे आहे. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशा विस्तृत मायन्यांना कार्डावर जागा परवडत नसल्यामुळे ‘ती.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘चि.’ ही संक्षिप्त रूपे सार्वत्रिक झाली. मजकूर संपल्यावर समासात आडवी ओळ घालून आणखी कोणाकोणाला नमस्कार सांगण्याची पद्धत पडली. आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी शाळामास्तराकडून किंवा टपालवाल्याकडून लिहवून व वाचून घेतल्यामुळे निरक्षर घरांनाही टपालाचा उपयोग होऊ लागला. उघडे पत्र कोणीही वाचील ही भीती सुशिक्षितांना वाटत असली, तरी ज्यांचे पत्र मुळातच दुसऱ्याने लिहायचे आणि तिसऱ्याने वाचायचे होते, त्यांच्या दृष्टीने पाकिटाच्या गुप्ततेला फारसा अर्थ नव्हता. याच सुमारास टपाल खात्याने आणखी दोन कामे हाती घेतली. १८७७ मध्ये व्ही. पी. म्हणजे माल घरपोच देऊन त्याची किंमत घेणाऱ्याकडून वसूल करण्याची सोय झाली, आणि १ जानेवारी १८८० पासून सरकारी तिजोऱ्यांकडचे मनीऑर्डरचे काम टपाल कचेऱ्यांकडे आले. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी आणि घाटावरच्या कामगारांच्या घरी चूल पेटती ठेवणारा पैसा पुढे तीन-चार पिढ्या याच मनीऑर्डरने गेला.

परदेशी टपालाचा प्रश्न वेगळा होता, कारण त्याचा दर एका सरकारच्या हाती नव्हता. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला, आणि त्यानंतरही इंग्लंड-अमेरिकेकडे पत्र पाठवणे ही सुखवस्तू घरांनाही विचारपूर्वक करण्याची गोष्ट होती. या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी यांचा न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी १८८० पासून चाललेला पत्रव्यवहार पाहिला म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव हे स्वतः टपाल खात्यातले कारकून होते, आणि एका टपाल कारकुनाच्या घरातून सुरू झालेल्या या पत्रांनीच आनंदीबाईंना १८८३ मध्ये अमेरिकेची वाट दाखवली. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांच्या पदवीदानाच्या वेळी पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, आणि तेथूनच रमाबाईंच्या अमेरिकेतील कार्याला आरंभ झाला.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई मंडळां’नी दहा वर्षेपर्यंत दरसाल ठरावीक वर्गणी द्यावी आणि त्या पैशातून हिंदुस्थानात उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा चालावी, अशी तिची रचना होती. अशी संस्था पत्रांशिवाय चालणे अशक्यच होते, कारण वर्गणीदारांना वर्षाचा अहवाल, हिशेब आणि मुलींची प्रगती सतत कळवावी लागे. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि १८९० मध्ये पुण्यास आले. १ जानेवारी १८९१ पासून इंग्लंडला आणि टपाल संघातील देशांना जाणाऱ्या पत्राचा दर अडीच आण्यांवर आला. हे इतके तातडीने झाले की अडीच आण्यांचे स्वतंत्र तिकीट तयार नसल्यामुळे साडेचार आण्यांच्या तिकिटांवर नवा दर छापून ती चालवावी लागली. साडेचारांवरून अडीचवर येणे म्हणजे परदेशी पत्राचा खर्च जवळजवळ निम्मा होणे. इंग्लंडातील वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा चाललेला दीर्घ आणि अनेकदा कडवट झालेला पत्रव्यवहार, जो पुढे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, त्याचा नंतरचा भाग साप्ताहिक विलायती टपालाच्या याच काळातला आहे. रमाबाई हिंदुस्थानात परतल्यावरही हा पत्रव्यवहार दोन खंडांमध्ये वर्षानुवर्षे चालू शकला, यात लिहिणाऱ्यांच्या निष्ठेइतकाच नियमित व आवाक्यातल्या टपालाचाही वाटा मानावा लागेल.

अमेरिकन वर्गणीची दहा वर्षांची मुदत संपत येणार हे जाणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. संस्थेला शेतीचे आणि फळबागेचे कायमचे उत्पन्न मिळावे हा त्यामागचा हेतू होता. परंतु १८९६–९७ च्या दुष्काळाने या जमिनीचा उपयोग बदलला. मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागांत हिंडून रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, त्याच वेळी पुण्यात प्लेगमुळे कडक निर्बंध आले, आणि या सर्वजणींना केडगावच्या मोकळ्या माळावर झोपड्या व तंबू यांत हलवावे लागले. तेथे उभ्या राहिलेल्या संस्थेला मुक्ती हे नाव मिळाले आणि तिच्या वास्तूचे समर्पण २४ सप्टेंबर १८९८ रोजी झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड आणि राजपुताना येथील मुलींची भर पडून येथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांचे अन्न, कापड, औषधे आणि शिक्षण यांचा खर्च आता बांधील वर्गणीवर अवलंबून नव्हता. जगभरच्या सहानुभूतिदारांनी पत्रे व अहवाल वाचून पाठवलेल्या लहानमोठ्या देणग्यांवर तो चालत असे.

मुक्तीचे समर्पण झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८९८ रोजी, ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांमध्ये ‘इंपीरियल पेनी पोस्टेज’ म्हणजे एका पेनीचा साम्राज्यव्यापी दर लागू झाला आणि हिंदुस्थानाने त्यात एक आण्याचा दर घेतला. अर्ध्या औंसाचे, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचे, पत्र केडगावहून लंडनला अडीच आण्यांऐवजी एका आण्यात जाऊ लागले. अमेरिका साम्राज्याबाहेर असल्यामुळे या सवलतीत नव्हती, आणि बोस्टनच्या वाटेवर पूर्वीचाच दर चालू राहिला. परंतु इंग्लंडकडे जाणारा मार्ग दहा पैशांवरून चार पैशांवर आला, हे पैपैचा हिशेब करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने लहान नव्हते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. साम्राज्य सरकारने हा दर केडगावच्या अनाथ मुलींसाठी आणला नव्हता. वसाहती एकत्र बांधून ठेवाव्यात आणि परदेशी स्थायिक झालेल्या इंग्रज कुटुंबांना मायदेशाशी संबंध राखता यावा, हा त्यामागचा उद्देश होता, आणि हिंदुस्थानच्या करदात्याचा त्यात काहीच विचार नव्हता. तरीही एकदा दर सर्वांसाठी एक ठेवला म्हणजे तो कोणाच्या उपयोगी पडावा हे सरकारला ठरवता येत नाही, याचे केडगाव हे उत्तम उदाहरण आहे. संस्थेने स्वतःचा छापखाना उभारला, मुली खिळे जुळवू लागल्या, ‘मुक्ती प्रेयर-बेल’ हे वार्तापत्र निघू लागले, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच छापखान्यात छापले गेले. लेखन, छपाई आणि पाठवणी या तीनही गोष्टी एका खेड्यात होणे हे त्या काळात अपवादात्मक होते, आणि त्यांतली पाठवणी स्वस्त टपालाविना शक्य नव्हती.

देशांतर्गत दरही या काळात उतरतच होते, किंवा नेमके सांगायचे तर त्याच पैशात अधिक वजन जाऊ लागले होते. अर्ध्या आण्यातील पत्राची मर्यादा १९०५ मध्ये पाऊण तोळा आणि १९०७ मध्ये एक तोळा झाली. १८५४ मध्ये एक तोळ्याच्या पत्राला दोन आणे पडत, त्याला आता चौथाई दर लागू लागला. पोस्टकार्ड मात्र एका पैशावर स्थिर राहिले. १८७९ ते १९२२ अशी त्रेचाळीस वर्षे, दोन मोठे दुष्काळ, प्लेग आणि एक महायुद्ध यांतून पार पडूनही, या किमतीला धक्का लागला नाही. हिंदुस्थानच्या राज्यकारभारात इतकी टिकाऊ दुसरी किंमत क्वचितच दाखवता येईल.

हा काळ संपला तो पहिल्या महायुद्धानंतर. युद्धाने भाववाढ झाली, टपाल खात्यातील नोकरांचे पगार वाढवावे लागले, लष्करी खर्चामुळे मध्यवर्ती सरकारच्या अंदाजपत्रकांत तूट येऊ लागली, आणि अर्थसदस्य माल्कम हेली यांची दृष्टी टपालहंशिलाकडे वळली. १९२१ मध्ये काही पत्रांना पाऊण आण्याचे, म्हणजे नऊ पयांचे, तिकीट लागू लागले आणि ते एक आण्याच्या तिकिटांवर नवी किंमत छापून भागवावे लागले. तीस वर्षांपूर्वी जुन्या तिकिटावर नवा आकडा छापला गेला होता तो दर उतरला म्हणून. या वेळी तो चढला म्हणून. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, पत्राचा किमान दर अर्ध्या आण्यावरून एक आणा आणि पोस्टकार्डाचा दर एका पैशावरून दोन पैसे करण्यात आला. दोन्ही दर एकदम दुप्पट झाले.

या वाढीचे समर्थन सरकारपक्षाने असे केले की टपाल खाते हा व्यवसाय आहे आणि त्याने आपला खर्च आपण भागवला पाहिजे. हा युक्तिवाद वरवर रास्त वाटला तरी पूर्ण नाही, कारण वाढीचा प्रस्ताव टपाल खात्याच्या गरजेपोटी स्वतंत्रपणे आला नव्हता. मिठावरील कर दुप्पट करण्याच्या प्रस्तावाबरोबर, तूट भरून काढण्याचा एक उपाय म्हणून तो एकाच अंदाजपत्रकात आला होता. मध्यवर्ती विधिमंडळाने त्या वर्षी मिठाची करवाढ नाकारली. कार्डाची वाढ मात्र टिकली. मीठ आणि कार्ड या दोहोंत एक साम्य होते, ते हे की त्यांचा वापर गरिबातला गरीब करी आणि त्याला दुसरा पर्याय नसे. टपालहंशील ही सेवेची किंमत असावी की कर असावा, या प्रश्नाचे उत्तर १८५४ च्या कायद्याने एका बाजूने दिले होते आणि १९२२ च्या अंदाजपत्रकाने ते दुसऱ्या बाजूला फिरवले, असा निष्कर्ष काढल्यावाचून राहवत नाही. दर वाढताच टपालाची संख्या घटली. म्हणजे लोकांनी दुप्पट पैसे देऊन तितकीच पत्रे लिहिली नाहीत, तर काही पत्रे लिहिणेच सोडले.

केडगावच्या दृष्टीने एप्रिल १९२२ या महिन्याला आणखी एक अर्थ आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली होती, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. ज्या बाईने आयुष्यभर पत्रांवर एक संस्था उभी केली, तिचा अंत आणि एका पैशाच्या कार्डाचा अंत हे एकाच महिन्यातले आहेत. त्यांचे बायबल १९२४ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडले, तेव्हा ते पोहोचल्याचे कळवणाऱ्या वाचकाला कार्डासाठी दोन पैसे मोजावे लागत होते.

दुसरी मोठी वाढ जागतिक मंदीत झाली. डिसेंबर १९३१ पासून पोस्टकार्ड तीन पैशांचे आणि पत्र सव्वा आण्याचे झाले. शेतमालाचे भाव कोसळले असताना, म्हणजे एक पैसा मिळवण्यासाठी शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक ज्वारी विकावी लागत असताना, ही वाढ आली. त्यामुळे आकड्यांत ती दीडपट दिसली तरी केडगाव-शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात तिचा भार त्याहून पुष्कळ जड होता. दुसऱ्या महायुद्धात पत्राचा दर आणखी चढून दीड आणा झाला. १९४६ च्या जुलैत पोस्टकार्ड पुन्हा दोन पैशांवर आले, आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेपासून टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. स्वस्त कार्ड वाहून नेणाऱ्या माणसाचे स्वतःचे पोट भरते का, हा प्रश्न त्या संपाने सर्वांसमोर आणला.

स्वातंत्र्यानंतरच्या दरवाढी वारंवार झाल्या आणि त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९५० रोजी आंतरदेशीय पत्र आले, जे कार्डापेक्षा गुप्त आणि पाकिटापेक्षा स्वस्त असल्यामुळे नोकरीनिमित्त दूर गेलेल्या मुलांच्या आणि सासरी गेलेल्या मुलींच्या पत्रव्यवहाराचे मुख्य साधन बनले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि कार्ड पाच नव्या पैशांचे झाले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी आणि संस्कृतचे पंडित. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे किती आहेत हे पाहिले म्हणजे या योजनेची गरज पटते, कारण नगर शहरालगतचे केडगाव आणि दौंड तालुक्यातले केडगाव यांची पत्रे एकमेकांकडे जाण्याचा धोका नेहमीचाच होता, आणि ४१२२०३ या आकड्याने तो पुष्कळ अंशी मिटवला.

पुढे कार्ड ५० पैशांवर, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांवर आणि २० ग्रॅमचे पाकीट ५ रुपयांवर आले आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथेच थांबले. टपाल खात्याच्या २०१६–१७ च्या अहवालानुसार एक कार्ड पोहोचवण्याचा सरासरी खर्च १२ रुपयांहून अधिक होता आणि त्यातून मिळणारे उत्पन्न ५० पैसे. यावरून टपाल स्वस्त राहिले असे मानणे चुकीचे ठरेल. कार्ड स्वस्त राहिले, कारण ते लिहिणारे उरले नाहीत. ज्या सेवांची गरज उरली त्यांचे दर मात्र वाढत गेले किंवा त्या सेवाच बंद झाल्या. पारंपरिक मनीऑर्डर, जिच्यासाठी शेवटच्या काळात दर २० रुपयांमागे १ रुपया कमिशन पडे, ती २०१५ मध्ये थांबली. छापील पुस्तके रजिस्टर करून सवलतीत पाठवण्याची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तिच्या द्वारे एक किलोचे पुडके ३२ रुपयांत देशात कोठेही जात असे, आणि पुण्या-मुंबईच्या लहान प्रकाशकांना तालुक्याच्या गावातला वाचक गाठण्याचा तोच परवडणारा मार्ग होता. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ या नावाने ३०० ग्रॅमला २० रुपये ते ५ किलोला १०० रुपये अशी नवी सेवा सुरू झाली, आणि तिने मधल्या काळातली पोकळी काही अंशी भरून काढली.

याहून खोल बदल रजिस्टर पत्राच्या बाबतीत झाला आहे. रजिस्टर म्हणजे पाठवल्याची पावती आणि मिळाल्याची सही असलेले टपाल. जमिनीच्या नोटिसा, न्यायालयाची समन्से, नोकरीचे आदेश, सहकारी संस्थांच्या सभांची पत्रे ही सारी याच मार्गाने जात. त्याचा दर वजनावर अवलंबून असे, अंतरावर नसे, आणि कर वगळता २० ग्रॅमच्या पत्राला २२ रुपये पुरत. ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. नव्या दरपत्रकात ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक पत्राला १९ रुपये आणि गावाबाहेरच्या पत्राला ४७ रुपये पडतात, नोंदणीचे ५ रुपये आणि कर वेगळे. त्यापुढच्या वजनाला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंत, अंतराचे टप्पे लागतात: केडगावहून पुण्याला ५९ रुपये, कलकत्त्याला ७२, आणि दोन हजार किलोमीटरपलीकडे ७७. या आकड्यांतला फरक आज मोठा नाही, आणि वेगवान पोहोच व मागोवा घेण्याची सोय यांचा लाभही नाकारता येत नाही. परंतु कोर्टनी, फोर्ब्स आणि बीडन यांनी दरपत्रकातून काढून टाकलेला अंतराचा रकाना पावतीच्या टपालात पुन्हा आला आहे, आणि तो एकदा आला म्हणजे पुढच्या प्रत्येक दरवाढीला त्याची रुंदी वाढवण्याची मुभा राहते. शहरातल्या कचेरीपेक्षा त्याची झळ खेड्यातल्या खातेदाराला अधिक लागते, कारण त्याची नोटीस, त्याचे उत्तर आणि त्याचे अपील ही सगळी गावाबाहेरच जायची असतात.

परदेशी टपालातही अशीच उलटी गती दिसते. अमेरिकेने कमी किमतीच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून रद्द केली, आणि ती जकात कोणी व कशी गोळा करायची हे स्पष्ट नसल्यामुळे भारतीय टपाल खात्याने ऑगस्टच्या अखेरीस त्या देशाकडे जाणाऱ्या टपालाची नोंदणी थांबवली. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा पुणे जिल्ह्यातून अमेरिकेतल्या लेकीसुनांकडे फराळाची पार्सले रवाना होतात, तेव्हा हा मार्ग बंद होता. १५ ऑक्टोबरला तो पुन्हा उघडला, तेव्हा पार्सलाच्या घोषित किमतीच्या निम्मी रक्कम जकात म्हणून येथेच, टपाल कचेरीच्या खिडकीवर, आगाऊ भरण्याचा नियम होता, आणि दिवाळीला पाच दिवस उरले होते.